पिशवीत मावेल अशी बॅटरी

पहिल्यांदा मी एका वासरावर पाय दिला. अड्यारचं ऑफिस सुटल्यावर बसने टी. नगरला उतरले होते. सहा वाजायला आले होते आणि रस्त्याच्या कडेला बसलेलं ते वासरू मला दिसलंच नाही. ते धडपडून उठलं, मी त्याच्या पाठीवर जवळजवळ आडवी झाले आणि थांब्यावरच्या दोन बायका हसल्या. मीही हसले. घरी सांगितलं तेव्हा घरचेही हसले. पण रात्री ताटं मांडताना मनात आलं, त्या बायकांना वासरू दिसत होतं. दिवा तर त्यांच्याही हातात नव्हता.

तेव्हा माझी मुलगी सात महिन्यांची होती. मी सांगलीची. लग्न होऊन मद्रासला आले ती तंजावरी मराठी घरात. कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला जाऊन राहिलेले हे लोक, तिथून नोकऱ्यांसाठी मद्रासला आलेले. सासूबाईंचं मराठी जुनं होतं आणि तमिळच्या हेलात चालायचं. 'पाहिजे' म्हणायच्या जागी त्या 'होणा' म्हणत. पहिले काही महिने त्यांचं निम्मं बोलणं मी अंदाजानेच घ्यायची. सासरे पेन्शनीत निघालेले, हे एका विमा कचेरीत, आणि मी अड्यारच्या एका ऑफिसात टायपिस्ट. बाळंतपणानंतर चार महिन्यांनी मी कामावर परत गेले. मुलीला सासूबाई सांभाळत.

वासरानंतर आठवड्याने दुसरी गोष्ट घडली. दिवेलागणीला मी गच्चीवर वाळत घातलेली दुपटी आणायला गेले. मुलगी किरकिर करत होती म्हणून तिला कडेवर घेतलं. वर जाताना काही वाटलं नाही. खाली येताना जिना माझ्यासमोरून नाहीसा झाला. पायऱ्या होत्या, मला ठाऊक होतं त्या तिथेच आहेत, पण डोळ्यांपुढे नुसतं राखेसारखं काहीतरी पसरलं होतं. मी पाय पुढे टाकला आणि तो पायरीवर न पडता खालीच गेला. डाव्या हाताने कठडा सापडला म्हणून वाचलो. माझा गुडघा फुटला. मुलीला काही झालं नाही. धक्क्याने ती एकदम गप्प झाली आणि माझ्या गळ्याला धरून राहिली.

खाली आल्यावर मी सांगितलं, ओल्या लुगड्यात पाय अडकला. सासूबाईंनी गुडघ्याला हळद लावली. लुगडं कोरडं होतं, ते त्यांच्या हाताला लागलंच असणार. त्या काही बोलल्या नाहीत.

त्या रात्री मला माझी मोठी आत्या आठवली आणि मग झोप आली नाही. आत्या तिशीत संध्याकाळी भिंत धरून चालायची. आम्ही मुलं तिची नक्कल करायचो. चाळिशीला तिला दिवसाही दिसेनासं झालं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा आईने मला बजावून सांगितलं होतं की आत्याचा विषय आपणहून काढायचा नाही. कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आता ते माझ्यात आलं, असं मी धरून चालले. यांच्याशेजारी अंथरुणावर पडून मी मुलीच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत होते. दिवा जळत होता म्हणून त्या दिसत होत्या. हिच्यात आलं असेल तर? आणि यांना कळलं की आम्ही लपवून लग्न केलं, तर?

सांगायचं नाही असं ठरलं, म्हणजे मग वागायचं कसं हे ठरवावं लागलं. ऑफिसातून अर्धा तास आधी सोडा, मुलीला पाजायचं असतं, असं साहेबांना विनवून पाहिलं. त्यांनी नकार दिला. थंडीच्या दिवसांत मद्रासला पावणेसहालाच अंधारून येतं आणि थांब्यापासून घरापर्यंत माझा दहा मिनिटांचा रस्ता होता. तो रस्ता मी पाठ केला. औषधाच्या दुकानाचा दिवा, मग शंभर पावलं, मग देवळाची भिंत, तिला उजवा हात लावून जायचं, मग डावीकडे आमची गल्ली. एकदा देवळाच्या भिंतीशी कुणीतरी सायकल टेकवून ठेवली होती. तिच्या ब्रेकची कांडी माझ्या बरगडीत बसली. तेव्हा बॅटरी घ्यायची असं मी ठरवलं.

घरी एक बॅटरी होती. सासऱ्यांची, तीन सेलची, हातभर लांब. ती त्यांच्या उशाशी असायची. तसली घेऊन ऑफिसला जाणारी बाई आमच्या सगळ्या मांबळम भागात चर्चेचा विषय झाली असती. मला हवी होती ती हातातल्या कापडी पिशवीत डब्याच्या मागे मावणारी, कुणाला न दिसणारी, आणि बसभाड्यातून वाचवलेल्या पैशांत येणारी. पगार मी सासऱ्यांच्या हातात देत असे. त्यांच्याकडे मागितले असते तर त्यांनी दिले असते, पण कशाला म्हणून विचारलं असतं.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असे. दुपारी मी पाँडी बाजारात उतरले. तिथे स्टोव्ह, कंदील, कुलपं असलं विकणारं एक अरुंद दुकान होतं. दुकानदार कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेला, वयस्क, सावकाश बोलणारा माणूस होता. माझं तमिळ तेव्हा बाजारापुरतंच होतं. मी म्हटलं, लहान टॉर्च लाइट दाखवा. त्याने आधी पेनासारखी एक बॅटरी काढली, खिशाला अडकवायची. डॉक्टर लोक घेतात, घसा बघायला, असं म्हणाला. ती मला फार आवडली. मुठीत धरली तर दिसत नव्हती. मी पैसे काढणार होते, पण ऊन भगभगत होतं, तिचा उजेड पडतो की नाही हेच कळेना. मी विचारलं, अंधारात लावून बघता येईल का? त्याने दुकानामागच्या कोठीकडे बोट केलं. दाराला गोणपाटाचा पडदा होता.

पडद्याआड मी एकटी उभी राहिले आणि मला आंधळं होणं म्हणजे काय ते कळलं. बाहेर दुपार होती. पडद्याच्या कडेने उजेडाची रेघ येत असणार, कारण दुकानदार याच कोठीत दिवा न घेता जाऊन माल काढत होता. मला काहीही दिसत नव्हतं. रॉकेलचा वास येत होता आणि माझा श्वास मला मोठ्याने ऐकू येत होता. मी पेनाची बॅटरी लावली. समोर कुठेतरी अधेलीएवढा पिवळा ठिपका पडला. ठिपक्यात खिळ्यांचा डबा होता. ठिपक्याबाहेर जगच नव्हतं. त्या ठिपक्याच्या आधाराने एक पाऊल टाकायचं तर ते कुठे पडेल, सांगता येत नव्हतं.

मी दाराची चौकट चाचपत बाहेर आले. दुकानदाराने पाहिलं असावं. त्याने मला बसायला स्टूल दिलं आणि बॅटरी कशासाठी हवी आहे ते विचारलं. मी म्हटलं, रस्त्याने चालायला. मग ही नको, तो म्हणाला, आणि त्याने आणखी तीन काढून फळीवर मांडल्या. मी तिन्ही एकेक करून पडद्याआड नेल्या. एकीचं तोंड फिरवून झोत लांब पाठवता यायचा. तो समोरच्या भिंतीवर लख्ख पडायचा, पण पायापाशी काळोखच. दुसरी प्लॅस्टिकची, स्वस्त, तिचं बटण दाबूनच धरावं लागे, अंगठा सुटला की दिवा गेला. तिसरी बुटकी होती. मध्यम आकाराचे दोन सेल, निकेलचा पत्रा, आणि तोंड तिच्या मानाने मोठं. तिचा उजेड भडक नव्हता, पण तो पायाभोवती सुपाएवढा पसरत होता. मला माझ्या चपला दिसल्या, पोत्यांच्या कडा दिसल्या, दोन पोत्यांमधली वाट दिसली. बटण सरकवून सोडून दिलं तरी ती लागलेली राहत होती.

ती पेनाच्या बॅटरीपेक्षा मोठी होती आणि पिशवी थोडी फुगणार होती. तरी मी तीच घेतली. दुकानदाराने शेवटी तिचं मागचं झाकण उघडून दाखवलं. स्प्रिंगच्या मधोमध कापसात गुंडाळलेला एक जादा बल्ब ठेवलेला होता. बल्ब उडाला तर घरी बसून बदला, रस्त्यात नका बदलू, असं त्याने सांगितलं.

पुढचे तीन आठवडे तिच्यावर गेले. थांब्यावर उतरलं की मी पिशवीत हात घालून तिथेच बटण सरकवायची आणि पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून तो उजेड पायांपुढे पाडायची. घराच्या फाटकाशी बंद. फाटक ते ओसरी आठ पावलं मोजलेली. घरात शिरताना पिशवी खुंटीला न लावता आमच्या खोलीत न्यायची. एकदा यांनी पिशवी उचलून बाजूला ठेवली आणि विचारलं, यात दगड भरलेस की काय? मी म्हटलं, डबा आहे. हे दुसऱ्या कामाला लागले. मी कितीतरी वेळ खोलीतच उभी होते.

आणि रोज थोडं कमी दिसत होतं. आधी सहाला अंधार होई, मग साडेपाचला. ऑफिसात खिडकीबाहेरची नारळाची झाडं पुसली जायला लागली की माझी बोटं टाइपरायटरवर चुकायला लागत. मी मनात वर्षं मोजत बसे. आत्याला दहा वर्षं मिळाली होती. मला किती?

कार्तिकात पाऊस लागला. मद्रासचा पाऊस याच दिवसांत येतो आणि दोन-दोन दिवस थांबत नाही. आमच्या गल्लीत तेव्हा गटाराचे नळ टाकायला मधोमध चर खणला होता, पुरुषभर खोल. चराच्या बाजूने माणूस जाईल एवढी वाट उरली होती आणि एका ठिकाणी फळ्या टाकून तो ओलांडायचा होता. रोज तिथे दोन तांबडे कंदील लावत. त्या संध्याकाळी बस सैदापेटला पाण्यात अडकली आणि मला उतरायला पावणेसात झाले. कंदील पावसाने विझले होते.

छत्री डाव्या हातात, बॅटरी उजव्या हातात. आता ती पिशवीत लपवायचं भानही नव्हतं. मी चराच्या कडेने चालत होते. अंगावरून पाणी निथळत होतं. फळ्या चार पावलांवर आल्या असतील, तेवढ्यात उजेड एकदम पांढरा झाला आणि गेला. आवाजही झाला नाही.

मी जागच्या जागी थांबले. बटण मागेपुढे सरकवलं. काही नाही. मी डोळे उघडे ठेवले होते की मिटले होते, हेही मला कळत नव्हतं. चर कुठल्या बाजूला आहे ते माहीत होतं, पण मी एकदा बटणासाठी वळले होते, आणि आता खात्री राहिली नव्हती. दुकानदाराचं सांगणं आठवलं आणि तरीही मी तेच केलं. छत्री मानेत धरून झाकण फिरवलं. स्प्रिंग बोटातून उसळली, झाकण उडालं, आणि दोन्ही सेल एकामागून एक खाली गेले. पहिला चिखलात पडला. दुसरा पडल्याचा आवाज जरा उशिराने आला, आणि तो पाण्यात पडल्याचा होता. म्हणजे चर माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर होता.

मी खाली बसले. छत्री सुटली. दोन्ही हातांनी चिखल चाचपत मी मागे सरकायला लागले, पण मागे म्हणजे कुठे तेही ठरेना. तेवढ्यात कुणीतरी पुरुष जवळून गेला. त्याने तमिळमध्ये विचारलं, काय हरवलं? मी म्हटलं, काही नाही. तो क्षणभर थांबला असावा. मग त्याची पावलं फळ्यांवरून पलीकडे गेली. त्याला फळ्या दिसत होत्या. मला हात द्या, एवढं म्हणायला काय झालं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. मुलगी भुकेली असेल, या विचाराने मला पान्हा फुटला आणि रडूही फुटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग सासूबाईंचा आवाज आला. त्या माझं नाव घेऊन हाक मारत नव्हत्या, नुसतं "हालू नको, हालू नको" म्हणत येत होत्या. माझ्यापुढे एक तांबूस धुरकट गोळा डुलायला लागला. तो त्यांच्या हातातला कंदील होता. त्यांनी माझं मनगट धरलं. सत्तरीच्या जवळ आलेल्या बाईच्या हातात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी मला उभं केलं, स्वतः चराच्या बाजूने झाल्या आणि मला भिंतीकडून चालवत घरी आणलं.

न्हाणीघरात माझे हातपाय धुताना त्या म्हणाल्या, "कधीपासून दिसत नाही?"

मी नखांतला चिखल काढायला लागले.

"भिंतीला हात लावून येतेस, मी बघते रोज. पिशवीतला टॉर्च लैटही बघितला. आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून राहिले. चुकलं माझं."

तेव्हा मी सगळं सांगितलं. आत्याचं, आईने बजावलेलं, जिन्याचं. सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण तिथे कंदिलाचा उजेड पुरत नव्हता आणि तोंड कसं झालंय ते कळत नव्हतं. माझी भीती त्या क्षणी सगळ्यात मोठी होती, चरापाशी होती त्याहूनही. त्या बराच वेळ पाणी ओतत राहिल्या. मग विचारलं, "दिवसा सुईत दोरा ओवता येतो?"

मी म्हटलं, येतो.

"तुझ्या आत्याचं मला माहीत नाही. हे मालैकण् आहे, पोरी. संध्याकाळचा डोळा. मलाही झालं होतं, दुसऱ्या खेपेला. अंगावर पाजणाऱ्या बाईला होतं. तुला बाळंतपणात मिरीचा सारभात खाऊ घालून मीच पथ्य केलं, पालेभाजी शिवू दिली नाही. आणि तू पुढेही खाल्ली नाहीस."

मला तो दिलासा धड घेता येईना. त्यांचं बरं झालं म्हणून माझं होईलच असं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या मला दुपारीच रजा टाकायला लावून एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी पापण्या उलटून पाहिल्या, डोळ्यांत उजेड टाकून बराच वेळ आत बघितलं. आत्याचं मी स्वतःच सांगितलं. त्या म्हणाल्या, आत तसं काही दिसत नाही, पण औषधाने फरक पडला तरच नक्की म्हणता येईल. पंधरा दिवस बघू. नाही पडला तर डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळात जावं लागेल.

औषध म्हणजे शार्क माशाच्या काळजाचं तेल. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. बाटली सासूबाईंनी स्वतःच्या पदराखाली धरून आणली आणि देवघरापासून लांब, लोणच्यांच्या बरण्यांमागे ठेवली. सासऱ्यांना आणि यांना शक्तीचं औषध म्हणून सांगितलं. ते तेल मी नाक दाबून घेत असे आणि त्या समोर उभ्या राहून बघत असत. जेवणात रोज हादग्याचा पाला, नाहीतर शेवग्याचा. ऑफिसातून मी रजा घेतली.

ते दिवस त्या चरापेक्षा कठीण गेले. रोज संध्याकाळी मी गच्चीच्या दारात उभी राहून समोरच्या घराची मोरी, पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे यांच्याकडे बघत असे. कुठली गोष्ट आधी जाते ते ध्यानात ठेवायची. चौथ्या दिवशी काही फरक नव्हता. सहाव्या दिवशी मला वाटलं टाकी जास्त वेळ दिसली, मग वाटलं आपण मनाचंच धरतोय. आठव्या दिवशी मी बघायलाच गेले नाही. नवव्या दिवशी सासूबाईंनी मला हाताला धरून वर नेलं. दिवे लागले होते. त्या म्हणाल्या, काय दिसतं ते सांग. मी म्हटलं, दोरीवर पांढरं काहीतरी आहे. ते धोतर होतं. मग मी म्हटलं, धोतराच्या शेजारी आणखी एक कपडा आहे, गडद. त्यांनी माझा हात सोडला आणि खाली निघून गेल्या. मी तिथेच उभी राहिले. थोड्या वेळाने मला जिन्याची पहिली पायरी दिसली, मग दुसरी.

महिन्याभराने यांना सांगितलं. यांना राग आला. आजाराचा नाही, आत्याचाही नाही. मी चराच्या कडेला चिखलात बसून राहिले पण यांना सांगितलं नाही, त्याचा. दोन दिवस हे माझ्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना दोन नवे सेल आणि एक बल्ब घेऊन आले. बॅटरीचं झाकण चिखलात गेलं होतं, म्हणून आम्ही दोघं त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने जुन्या डब्यातून जुळणारं एक झाकण शोधून दिलं. काय झालं ते त्याने विचारलं नाही.

चार वर्षांनी दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा तिसऱ्या महिन्यापासूनच सासूबाईंनी हादग्याचा पाला सुरू केला. माझ्या डोळ्यांना काही झालं नाही. तरी त्या नऊ महिन्यांत आणि पुढचं वर्षभर मी रोज दिवेलागणीला गच्चीवर जात राहिले. सासूबाईही दम लागत असताना जिना चढून माझ्यामागे येत. आम्ही दोघी कठड्याशी उभ्या राहत असू आणि त्या एकेका वस्तूकडे बोट करून विचारत, ते काय?